तेवीस पिवळी कुत्री

तारीख

रविवार. चंपाषष्ठी होऊन चार दिवस झालेत.

ठिकाण

मुलुंड पश्चिमेला शेवटची बस जिथे वळते, तिथून वर चढायचं. आधी इमारती संपतात, मग पत्र्याची घरं, मग नळ. नळाच्या वर पाडा आणि पाड्याच्या वर जंगल. फॉर्मवर ‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ असे दोन चौकोन आहेत. पहिल्या फेरीत मी दोन्हींत खूण केली होती. ऑफिसमधून डॉक्टर रुचिरांचा फोन आला, रश्मी, एकच काहीतरी सांग. मी म्हटलं, मॅडम, इथून खाली बघितलं की मॉल दिसतो आणि वर बघितलं की बिबट्या. तुम्हीच सांगा.

त्यांनी ग्रामीण लिहायला सांगितलं.

काम

कुत्र्याच्या आतड्यात एक जंत असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. कुत्र्याला तो काही करत नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या केसांना लागतात, केसांवरून हाताला, हातावरून घासाबरोबर पोटात. आणि मग माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याची एक पिशवी वाढायला लागते. दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं वाढते. कुत्र्यात हा जंत वाढूच नये म्हणून एक लस निघाली आहे. अजून चाचणीत आहे. दोन डोस, मध्ये एकवीस दिवस, आणि प्रत्येक वेळी एक जंताची गोळी. मी सुई टोचते. सिद्धेश जाळी टाकतो.

हे एवढं मी प्रत्येक पाड्यात सांगते. पुढचं सांगत नाही.

(हा रकाना फॉर्मवर नाही)

माझ्या पोटात एक तळं होतं.

एकोणीस वर्षांची होते. डॉक्टरांनी ते काढलं आणि नंतर सांगितलं की आतलं पाणी इतकं स्वच्छ होतं, डोंगरातल्या झऱ्याचं असावं तसं. सात-आठ वर्षं तरी वाढत असेल, म्हणाले. म्हणजे मी पाचवीत बाकावर बसले होते तेव्हा ते होतं. दोरीवरच्या उड्या मारत होते तेव्हा ते आत हिंदकळत होतं. देवनारच्या आमच्या गल्लीत एक पांढरं कुत्रं होतं, त्याच्या मानेत तोंड खुपसून मी दुपारी झोपायचे. कधी कधी अजून वाटतं, ते तळं त्याचंच होतं. त्याला कुठे ठेवायला जागा नव्हती, म्हणून माझ्याकडे ठेवलं.

प्राण्याचं नाव

पहिल्या फेरीत आम्ही इथे नावं विचारत फिरलो आणि एक्केचाळीस कुत्री लिहिली. संध्याकाळी मोजली तर तेवीस.

कारण इथे कुत्रं एका घराचं नसतं. सकाळी एका दारात चहात बुडवलेला पाव खातं, दुपारी दुसऱ्या दारात भाकरी, रात्री तिसऱ्या पडवीत झोपतं, आणि प्रत्येक दारात त्याला वेगळं नाव आहे. कुठल्याही नावाला ते तितक्याच प्रेमाने शेपूट हलवतं. म्हाताऱ्या धाकूबाबांची काळी कुत्री, पुढच्या उजव्या पायाची बोटं तेवढी पांढरी, ती धाकूबाबांना शेवंती आहे. त्यांचा मुलगा जयवंत तिला राणी म्हणतो. नळाजवळच्या रुक्मिणीमावशीकडे ती लाडी. पण मावशीच्याच दारात एक तपकिरी कुत्रीही येते, आणि मावशी तिलाही लाडीच म्हणतात.

“दोघींना एकच नाव कसं चालेल, मावशी?”

“मग काय झालं? एकावेळी एकच येते ना.”

म्हणून आम्ही नावं सोडली आणि रंग घेतला. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करतात तसला तेलकट पिवळा रंग. ज्याला सुई टोचली, त्याच्या दोन कानांच्या मध्ये एक जाड रेघ. महिनाभर जात नाही. ज्याला रेघ, त्याचा पहिला डोस झाला. दुसऱ्या फेरीत कोणाला नाव विचारायची गरज नाही.

किती साधं आहे, असं वाटलं होतं. आज सकाळी नळापाशी पोचलो, लशीची थंड पेटी खाली ठेवली, आणि वर बघितलं तर सगळी कुत्री

रंग

पिवळी.

दगडावर पिवळं कुत्रं. पत्र्यावर पिवळं कुत्रं. चिंचेखाली तीन पिवळी कुत्री एकमेकांवर डोकी टाकून झोपलेली. मार्गशीर्षातलं ऊन तिरकं पडलं होतं आणि त्यांच्या कपाळांवरून उठून पाड्यातल्या भिंतींना लागत होतं. कोणीतरी सगळ्यांची डोकी, माना, कान हळदीत बुडवून काढले होते. मला क्षणभर वाटलं, मी अजून बसमध्येच आहे, खिडकीला डोकं टेकून.

“गो रश्मी,” सिद्धेश म्हणाला. तो चारकोपचा, मूळचा मालवणकडचा; बाकी वेळ मुंबईचं बोलतो, घाबरला की गावचं. “ह्यांचा लगीन हा काय आज?”

“भंडारा आहे रे. चंपाषष्ठी झाली ना बुधवारी.”

“मग आपली रेघ खंय?”

“खाली असेल.”

“कोणाच्या खाली?”

ते मलाही माहीत नव्हतं.

कोणी केलं

धाकूबाबांनी. हे गवळी धनगर, रत्नागिरीच्या डोंगरातले. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडली तशी वर येऊन शेळ्या पाळल्या. चिंचेखालचा खंडोबा त्यांनीच बसवलेला, एक दगड आणि एक घंटा. षष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे होतात, पण घरातलं कोणी तोंडात घास घालायच्या आधी कुत्र्यांचं पान वाढायचं आणि त्यांच्या कपाळाला भंडारा लावायचा. देवाचं वाहन.

“पण दरवर्षी नुसता उधळतात,” रुक्मिणीमावशी म्हणाल्या. नळावर कपडे घेऊन बसल्या होत्या. “औंदा तेलात कालवला होता बादलीभर. मी म्हटलं, भावजी, कुत्र्यांना न्हाऊ घालताय की काय. तर म्हणे, टिकायला पाहिजे.”

धाकूबाबा चिंचेच्या पारावर बसले होते. श्रावणात त्यांचं ऑपरेशन झालंय, नारळाएवढी गाठ काढली. अजून शर्टाची खालची दोन बटणं लावत नाहीत. पायाशी शेवंती. बाकीच्यांना कपाळापुरती हळद होती. ती नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माखलेली. एक डोळा उघडून तिने आमच्याकडे बघितलं आणि परत मिटला.

“बाय, हिची पहिली झालेली हाय,” धाकूबाबा म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

काय अडलंय

पाराच्या बाजूला छोटा टेम्पो उभा होता, तोंड उताराकडे. जयवंत त्याच्या दारात बसला होता. चाळिशीचा, मालवाहतूक करतो. हातात दोरी होती. एक टोक सोडायचा, परत गुंडाळायचा.

“मॅडम, मला एकच सांगा,” तो म्हणाला. “राणीच्या दोन सुया आज पुऱ्या होतात की नाही?”

“का?”

“बाबांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ही गाठ कुत्र्यापासून आली. मी त्याच दिवशी तिला सोडून येणार होतो. हे जेवेनात. मग म्हटलं ठीक आहे, लसवाले येतायत, त्यांच्या लशीच्या कार्डावर दोन्ही खुणा झाल्या तर राहू दे. नाही झाल्या, तर आज दुपारी भिवंडीच्या रस्त्याला सोडणार. परत येणार नाही इतकी लांब.”

“कार्ड कुठे आहे?”

“शेळीनं खाल्लं,” धाकूबाबा म्हणाले.

सिद्धेश हसला. मग जयवंतचं तोंड बघून गप्प झाला.

माझ्याकडच्या यादीत पहिल्या फेरीच्या खुणा होत्या: राणी, एक. लाडी, दोनदा. शेवंती, कोरी. यातली कुठली राणी ही, कुठली लाडी ती, कोणाला सांगता येणार होतं? रंगावरूनच कळलं असतं, आणि रंग सगळ्या जगाला लागला होता. रेघेशिवाय दुसरा डोस देता येत नव्हता. न देता निघालो तर दुपारी टेम्पो सुटणार होता. आमची ही शेवटची फेरी. उद्यापासून पेटी दुसऱ्या पाड्यात.

मी नळाच्या कठड्यावर बसले आणि बघितलं, तर

खूण पटवण्याची रीत

मावशी एक पांढरा शर्ट घासत होत्या. कॉलर धरून, निळा साबण फिरवून, दगडावर. कॉलर लाल होत गेली.

मी बघत राहिले. किती वेळ, माहीत नाही. पाणी वाहत होतं, त्यातून एक लाल धागा उताराला चालला होता.

“मावशी, हे काय?”

“काय म्हणजे? भंडारा उडालाय. हळदीला साबण लागला की लाल होणारच. परत पाण्यानं धुतलं, उन्हात टाकलं की जातं. आई शिकवते ना गं हे.”

“तेलकट रंग लाल होईल?”

“कुठला रंग?”

मी त्यांच्या हातातून साबण घेतला.

हळद लाल होईल. धुतली की निघेल. आणि खाली रेघ असेल तर पिवळीच राहील.

तपासणी

सिद्धेश कुत्रं धरतो, बगलेत डोकं घेऊन, कानाशी मालवणीत काहीतरी सांगत. मी ओला साबण कपाळावर फिरवते. कुत्रं डोळे मिटतं. हळूहळू त्याच्या दोन कानांमध्ये लाली चढते, आधी विटेसारखी, मग कुंकवासारखी. मग मी तांब्या ओतते.

पहिलं: लाली गेली, खाली पिवळी रेघ. दुसरा डोस. गोळी गुळात.

दुसरं: रेघ.

तिसरं: रेघ नाही. आज पहिला. चाचणीतून बाद.

चौथं पळालं. लाल कपाळ घेऊन जंगलाच्या कडेपर्यंत गेलं, तिथे थांबून आमच्याकडे बघत राहिलं, जणू त्याचं लग्न लागलं होतं आणि कोणाशी ते त्याला कळलं नव्हतं. अर्ध्या तासाने आपणहून आलं. रेघ.

पाड्यातली माणसं दारात आली. कोणी पाणी आणून देत होतं, कोणी साबणाचा तुकडा. लाल पाणी उतारावरून झिरपत होतं, त्यात ऊन पडत होतं. भिजलेली कुत्री अंग झाडायची आणि हवेत थोडा वेळ तांबूस धुकं राहायचं. त्या धुक्यातून पुढचं कुत्रं यायचं. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तरी चालेल. एकामागून एक येत राहावीत, मी कपाळं धूत राहावं, आणि शेवटच्या कुत्र्यापर्यंत कधी पोचूच नये.

बावीस झाली. सतरा रेघा. पाच कोरी.

“हिचं नको,” धाकूबाबा म्हणाले. “हिचं मी सांगतोय ना. देवाच्या पारावर बसून सांगतोय.”

“बाबा, सरका,” जयवंत म्हणाला.

क्रमांक २३

शेवंतीला धरावं लागलं नाही. ती उठली, माझ्यासमोर आली आणि बसली. साबण लागताच लाल झाली. नाक, कपाळ, मान, पाठ. तिच्यावर इतकी हळद होती की फेससुद्धा लाल झाला. मी पाणी ओतलं. परत ओतलं. खाली काळे केस होते. काळे, चमकदार, ओले.

रेघ नव्हती.

सिद्धेशने पाठ फिरवली आणि विनाकारण जाळीची गाठ सोडायला लागला.

“बाबा,” जयवंत म्हणाला.

धाकूबाबा खालच्या लाल पाण्याकडे बघत होते. “त्या दिवशी ह्याची जाळी बघितली,” ते म्हणाले. “मला वाटलं, कुत्री पकडून नेणारे गाडीवाले. तिला करडांच्या खोपीत घातली आणि तोंड धरून बसलो. नंतर कळलं सुई हाय. तोवर तुम्ही खाली उतरलावता.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“तू ऐकणार होतास?”

“आणि देवाच्या नावानं सगळ्यांना हळद फासलीत.”

“दरवर्षीच लावतो.”

“तेलात?”

शेवंतीने अंग झाडलं आणि तिघांच्याही कपड्यांवर लाल ठिपके उडाले.

फोन

रेंज फक्त चिंचेच्या मागे येते.

“चाचणीत घेता येणार नाही,” डॉक्टर रुचिरा म्हणाल्या. “पण सुई टोचायला कोणी अडवलंय? आजची पहिली धर. दुसरी एकवीस दिवसांनी. तुला जायला जमेल का? ऑफिसमधून एक डोस घेऊन जा, मी लिहून ठेवते.”

“जमेल.”

मी परत आले आणि तसं सांगितलं. सुई दिली, गोळी दिली. जयवंतने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि शेवंतीच्या गळ्यात दोरी अडकवली.

“दादा, आता जंत पडून जातील. एकवीस दिवसांनी मी स्वतः येते.”

“मॅडम, तुमच्यावर राग नाही. पण ठरलं होतं ते ठरलं होतं. आज कार्ड पुरं नाही. आणि एकवीस दिवस कोणी बघितलेत? यांचं पोट एकदा फाडलंय. परत फाडायला माझ्यात ताकद नाही.”

आहार

नवीन नोंद करायची तर रकाने भरावे लागतात. मी ते हळू भरत होते. वय. लिंग. अंदाजे वजन. आहार.

“बाबा, ही काय खाते?”

“भाकरी,” धाकूबाबा पटकन म्हणाले.

“कच्चं मांस? फुफ्फुस, काळीज असलं काही?”

“नाही. कधीच नाही. भाकरीच.”

“नाही काय, बाबा?” जयवंत टेम्पोच्या मागून म्हणाला. दुखावल्यासारखा. “दर रविवारी मी आणतो ते काय मग? पाच-सहा वर्षं आणतोय. मटणवाला ओळखीचा आहे, फेकायचंच असतं त्याला, पिशवी भरून देतो. आजपण आणलंय. म्हटलं, जायच्या आधी पोटभर खाऊ दे तिला.”

टेम्पोच्या मागे, सावलीत, एक काळी पिशवी होती.

मी धाकूबाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. इतका वेळ कुत्रीसाठी भांडणारा माणूस, आणि आता त्यांच्या डोळ्यांत कुत्री नव्हतीच. ते पुढे वाकले, शर्टाच्या उघड्या बटणांवर हात ठेवून, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले,

“बाय. भाकरी लिही.”

(हाही रकाना फॉर्मवर नाही)

शेळी चरते. जिथे कुत्री फिरतात तिथलं गवत खाते. गवतावरची अंडी तिच्या पोटात जातात आणि तिच्या फुफ्फुसात, काळजात पाण्याच्या छोट्या पिशव्या होतात. शेळी कापली जाते. फुफ्फुस कोणी विकत घेत नाही. ते कुत्र्याला पडतं. कच्चं. म्हणजे कुत्र्याला हा जंत कुत्र्याकडून येत नाही. त्याला तो कोणीतरी प्रेमाने खायला घालतं.

हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, वॉर्डात. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुत्र्यांना काय घालता? माझे पप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते देवनारच्या एका मटणाच्या दुकानात कामाला होते, आणि रविवारी उरलंसुरलं गल्लीतल्या कुत्र्यांसाठी आणायचे. गल्लीत शिरले की कुत्री नाचायची. मीही नाचायचे. डॉक्टर विचारत होते आणि पप्पांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं, नळाखालच्या रंगासारखं. आई म्हणाली, भाकरी घालतो.

त्यानंतर त्यांनी ती पिशवी कधी आणली नाही. कामावरून आले की मोरीत बसून हात धुवायचे, साबण संपेपर्यंत. मी बाहेरून पाण्याचा आवाज ऐकायचे. त्यांना माहीत होतं हे मला माहीत होतं. मी एकदाही मोरीचं दार वाजवलं नाही. गेल्या वर्षी ते गेले.

आहार (पुन्हा)

पेन रकान्यावर टेकलं होतं. शाई पसरून ठिपका झाला.

भाकरी लिहिलं असतं तर जयवंत कुत्रीला घेऊन गेला असता, आणि कुत्रीनेच बापाला मरणाच्या दारात नेलं होतं असं आयुष्यभर समजून सुखात राहिला असता. पुढच्या रविवारी पिशवी दुसऱ्या कुत्र्याला पडली असती. तपकिरी लाडीला. जंगलाच्या कडेला उभ्या राहिलेल्या त्या नवरदेवाला.

“जयवंतदादा,” मी म्हटलं. “दोन मिनिटं बसा ना इथे.”

तो बसला, दोरी हातात धरून.

मी त्याला लशीचं काही सांगितलं नाही. पोटातल्या तळ्याचं सांगितलं. पांढऱ्या कुत्र्याचं. पप्पा गल्लीत शिरले की कशी मजा यायची ते. मग डॉक्टरांनी काय विचारलं ते. मोरीतल्या पाण्याचं. मी त्याच्याकडे न बघता सांगत होते, शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवत, आणि ओले केस हाताखाली हळूहळू वाळत होते.

“मला राग नव्हता,” मी म्हटलं. “एक दिवससुद्धा नव्हता. त्यांना कुठे माहीत होतं? कोणालाच माहीत नव्हतं. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं मी. रोज वाटायचं, उद्या सांगू.”

नळ कोणीतरी बंद केला होता.

जयवंत उठला. टेम्पोच्या मागे गेला, काळी पिशवी उचलली, आणि ती हातात धरून उभा राहिला. जड होती. खालून एक थेंब पडला.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“डाक्तर काय, बडबडतात.”

“माहीत होतं का?”

धाकूबाबांनी शर्टाची खालची दोन बटणं लावली. एक लावलं, दुसरं लागेना.

“तू हौसेनं आणायचास,” ते म्हणाले.

जयवंत पिशवीकडे बघत राहिला. मग वडिलांसमोर उकिडवा बसला, पिशवी बाजूला ठेवून, आणि ते दुसरं बटण त्याने लावलं. लावून झाल्यावरही त्याचा हात तिथेच, बटणावर, राहिला. धाकूबाबांनी त्यावर आपला हात ठेवला की हळदीचे डाग बघायला नुसता जवळ आणला, मला नक्की सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांत साबण गेला होता.

रुक्मिणीमावशींचा प्रश्न

“ते उकळून दिलं तर चालतं का गं?”

“काय?”

“पिशवीतलं. उकळून.”

“चालतं. पण चांगलं खदखदा, अर्धा तास. मग त्यात काही राहत नाही.”

“मग इतका वेळ बोलत काय बसलात?” मावशी म्हणाल्या आणि घरातून मोठं पातेलं आणायला गेल्या. “माझं जुनं आहे, भोक पडलेलं. कडेला कलतं ठेवलं की गळत नाही. पण परत आमटीला नाही वापरणार हां, सांगून ठेवते. हे कुत्र्यांचंच.”

तीन दगड मांडले. लाकडं सिद्धेशने आणली. पिशवी जयवंतने स्वतः उघडली, हातात प्लास्टिक चढवून, मी दाखवलं तसं. पाणी तापायला लागलं, वाफ चिंचेत शिरली. तेवीस कुत्री गोल करून बसली. कोणाचं कपाळ पिवळं, कोणाचं लाल, कोणाचं धुऊन मूळ रंगाचं. वाफ त्यांच्यावरून जायची तेव्हा ती नाहीशी व्हायची आणि परत उमटायची. शेवंतीच्या गळ्यात दोरी होती, पण तिचं दुसरं टोक आता कोणाच्याच हातात नव्हतं. ते मातीत पडलं होतं.

“माझी पुढची रविवारची सुट्टी गेली तर,” सिद्धेश म्हणाला.

“पुढची नाही. तिसरी. आणि तुला कोण बोलावतंय?”

“मग ती चावली तर धरणार कोण? तुझो आजो?”

दुसरा डोस

हा रकाना तिच्यासाठी छापलेला नव्हता. मी पट्टी नसल्यामुळे साबणाच्या वडीची कड धरून रेघ मारली. वाकडी आली. तिच्यात तारीख लिहिली, एकवीस दिवसांनंतरची.

जयवंत खांद्यावरून बघत होता.

“नाव काय लिहिलंत?”

“अजून नाही लिहिलं. तुमची राणी, मावशींची लाडी.”

“शेवंती लिहा,” तो म्हणाला. मग म्हणाला, “द्या इकडे,” आणि पेन माझ्या हातातून घेतलं.

शेवंती त्याने लिहिलं. ‘मालक’ हा रकाना त्याने कोराच सोडला. या पाड्यात तो कोणीच भरत नाही. बोट खाली नेत नेत तो ‘खायला कोण घालतं’ पाशी आला. तिथे बराच वेळ थांबला. पातेल्याचं झाकण थडथडत होतं. मग शाळेतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं काढत, त्याने लिहिलं: जयवंत धाकू झोरे.

आणि वरच्या ओळीत, आहाराच्या रकान्यात, जिथे माझ्या शाईचा ठिपका पडला होता, त्या ठिपक्याच्या पुढे:

उकळून.